कोसंबींचा मार्क्स

मार्क्स हे नाव आपल्या हैदराबादेला नवे नाही. १९४६ ते १९५१ या काळात तेलंगणातील शेतकऱ्यांनी जहागीरदार-देशमुखांविरुद्ध जो सशस्त्र लढा दिला, त्या लढ्याच्या पुढाऱ्यांच्या तोंडी हे नाव होते. मखदूम मोहिउद्दीन यांच्यासारखा शायर त्याच पक्षात होता. तरीपण नाव कानावर असणे वेगळे आणि विचार ठाऊक असणे वेगळे. आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांची मार्क्सशी गाठ पडते ती अर्थशास्त्राच्या टिपणांत. श्रममूल्य सिद्धान्तावर अर्धे पान, त्याखाली चार आक्षेप, आणि मार्क्स संपला! बाहेर वादविवादात पाहावे, तर कोणाला तो देव वाटतो, कोणाला राक्षस. दोन्ही पक्षांची त्याच्याविषयीची माहिती मात्र सारखीच, म्हणजे ऐकीव.

अशा वेळी मला एका मराठी माणसाची आठवण होते. त्यांनी मार्क्सला देव्हाऱ्यात बसवले नाही आणि दारातूनही हाकलले नाही. त्यांनी तो वाचला, हिंदुस्थानच्या मातीत घासून पाहिला, आणि जेथे तो चुकला होता तेथे चुकला असे छापून सांगितले. शिवाय स्वतःला शेवटपर्यंत मार्क्सवादी म्हणवून घेतले. ते म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी. गणिती म्हणून, नाण्यांचे अभ्यासक म्हणून, संस्कृत ग्रंथांचे संपादक म्हणून त्यांची कीर्ती आहेच. पण एका जर्मन तत्त्ववेत्त्याशी प्रामाणिक राहून त्याच्याशी भांडावे कसे, हे ज्या थोड्या हिंदी विद्वानांना साधले त्यांत मी त्यांना फार वरचे स्थान देतो. या लेखात त्यांचे चरित्र याच अंगाने सांगायचे आहे.

कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातील कोसबें या गावी झाला. वडील धर्मानंद कोसंबी हे पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे थोर पंडित. खरा बौद्ध धर्म कोणता हे जाणून घेण्यासाठी हा गृहस्थ घरदार सोडून निघाला, नेपाळात गेला, सिंहलद्वीपात गेला, पाली शिकला. पुढे बुद्धचरित्र लिहिताना त्यांनी म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थाने घर सोडले ही लोकप्रिय कथा बाजूला ठेवली आणि शाक्य व कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्याकडे बोट दाखविले. ज्याच्यावर श्रद्धा आहे त्याच्याभोवती लोकांनी रचलेल्या गोष्टी खरवडून काढायच्या, आणि तरी श्रद्धा ढळू द्यायची नाही, हा धडा मुलाने घरातच घेतला असला पाहिजे असे मला वाटते.

धर्मानंदांना हार्वर्ड विद्यापीठात पाली ग्रंथाच्या संपादनासाठी बोलावणे येई. १९१८ साली ते गेले तेव्हा अकरा वर्षांच्या दामोदरलाही बरोबर घेऊन गेले. मुलाचे शालेय शिक्षण बव्हंशी अमेरिकेत झाले आणि १९२९ साली हार्वर्डची पदवी त्याने अत्युच्च श्रेणीत मिळविली. विषय मुख्यतः गणित. पण इतिहास आणि भाषा यांचीही गोडी लागली. जर्मन, फ्रेंच, इटालियन या भाषा त्यांना तेव्हापासून येऊ लागल्या. ही गोष्ट साधी दिसली तरी महत्त्वाची आहे. मार्क्स आपल्यापर्यंत पोचतो तो जर्मनमधून इंग्रजीत, इंग्रजीतून मराठीत, आणि मराठीतून भाषणात अशा चार घाटांवर पाणी बदलून. हैदराबादेत राहणाऱ्याला भाषांतराचा हा धोका वेगळा समजावून सांगावा लागत नाही. अवसर हा एकच शब्द घ्या. मराठीत त्याचा अर्थ संधी, कन्नडमध्ये घाई, आणि तेलुगूत गरज! शब्द तोच, माणूस मात्र तीन घरांतून तीन निरोप घेऊन परततो.

मार्क्सच्या बाबतीत असे सर्वांत जास्त कोठे घडले असेल तर ते धर्माविषयीच्या त्याच्या मतात. धर्म म्हणजे अफूची गोळी हे मराठीत इतके रुळले आहे की, जणू कोणी धूर्त पुरोहित ती गोळी भोळ्या माणसाच्या तोंडात घालतो असे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. १८४४ साली पॅरिसमध्ये छापलेल्या ज्या लेखात हा विचार येतो, त्यात अफूच्या आधीची वाक्ये निराळीच आहेत. धर्मातील दुःख हे खऱ्या दुःखाचेच प्रकटीकरण आहे आणि त्या दुःखाविरुद्धची तक्रारही आहे, पिचलेल्या जिवाचा तो उसासा आहे, असे मार्क्स तेथे मांडतो. त्या काळी अफू हे युरोपात घरोघरी वापरले जाणारे वेदनाशामक औषध होते. मार्क्सची अफू लोक स्वतः घेतात, कारण त्यांना दुखते आहे. आपल्याकडे आधीची वाक्ये गळाली आणि गोळी तेवढी शिल्लक राहिली.

येथे एक अवांतर. मराठीत आपण कोसंबींना ते म्हणतो आणि मार्क्सला तो. परदेशी मोठ्या माणसाला एकेरी संबोधण्याची ही चाल जुनीच आहे आणि मीही तीच पाळतो आहे. पण कधीकधी वाटते की, या एकेरीमुळेच त्याच्याविषयी वाटेल ते बोलायला आपली जीभ लवकर सैल होत असावी.

१९२९ साली परत आल्यावर कोसंबींनी प्रथम बनारस हिंदू विद्यापीठात आणि नंतर अलीगढला गणित शिकविले. १९३३ पासून १९४५ पर्यंत ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात होते. तेथून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले. राहणे मात्र पुण्यातच, भांडारकर संस्थेच्या परिसरात. रोज डेक्कन क्वीनने जायचे आणि यायचे. गणितातील त्यांच्या कामाविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही. आनुवंशिकताशास्त्रात त्यांच्या नावाचे एक सूत्र १९४४ सालापासून आहे आणि ते अजून वापरात आहे, एवढे मात्र कळते.

नाण्यांविषयी बोलण्याचा अधिकार वाणिज्य शाखेला थोडासा आहे, असे समजतो. संख्याशास्त्राचा अभ्यास करताना हाताशी एखादा खरा प्रश्न असावा म्हणून कोसंबींनी जुनी आहत नाणी घेतली. या चांदीच्या नाण्यांवर राजाचे नाव नाही, साल नाही, नुसत्या खुणांचे ठसे. मग त्यांचा क्रम लावायचा कसा? कोसंबींनी तराजू घेतला. टांकसाळीतून बाहेर पडलेले नाणे हातोहाती फिरू लागले की झिजते. फिरणे जितके अधिक, तितके सरासरी वजन कमी; आणि सर्व नाणी सारखी झिजत नसल्यामुळे त्यांच्या वजनांतील तफावत मात्र वाढत जाते. हा नियम खरा की खोटा हे पडताळण्यासाठी त्यांनी चालू व्यवहारातील हजारो नाणी जमवून एकेक तोलली. नंतरच तक्षशिलेच्या साठ्यांना हात घातला. मौर्यकाळाच्या उत्तरार्धातील नाण्यांत तांब्याची भेसळ वाढलेली दिसते, त्यावरून राज्याच्या तिजोरीवर ताण पडला होता असा निष्कर्ष त्यांनी काढला. चलनवाढ हा शब्द आम्ही पाठ करतो. कोसंबींनी तो दोन हजार वर्षांपूर्वीच्या चांदीत शोधून दाखविला.

नाणी तोलून झाल्यावर ती पाडली कोणी हा प्रश्न आला. त्यासाठी ग्रंथ वाचायला हवेत, ग्रंथांसाठी संस्कृत हवे. तेव्हा त्यांनी संस्कृतचा अभ्यास मनावर घेतला आणि त्यासाठी भर्तृहरी निवडला. पण भर्तृहरीच्या नावावरील श्लोक प्रत्येक प्रतीत वेगळे! शेकडो हस्तलिखिते तपासून मूळचे श्लोक कोणते आणि मागाहून घुसडलेले कोणते याची छाननी त्यांनी केली, आणि १९४८ साली शतकत्रयीची चिकित्सक आवृत्ती प्रसिद्ध झाली. कवीविषयी त्यांचे मत काही फार भक्तीचे नव्हते. तरी त्याने न लिहिलेला श्लोक त्याच्या माथी मारायचा नाही, याविषयी ते कमालीचे काटेकोर होते. हीच सवय पुढे मार्क्सच्या कामी आली, असे माझे मत आहे. मार्क्सने काय लिहिले, त्याच्या नावावर पक्षांनी काय चढवले आणि टीकाकारांनी काय चिकटवले, हे वेगळे करणे म्हणजे एक प्रकारची पाठचिकित्साच नव्हे काय?

ती करण्याची वेळ लगेच आली. १९४९ साली कॉम्रेड श्रीपाद अमृत डांगे यांचे प्राचीन भारतावरील इंग्रजी पुस्तक निघाले. आदिम साम्यवादापासून गुलामगिरीपर्यंत भारत कसा आला, हा त्याचा विषय. डांगे म्हणजे साम्यवादी पक्षाच्या संस्थापकांपैकी एक, गिरणी कामगारांचे पुढारी, वक्तृत्व असे की हजारोंनी ऐकत बसावे. एंगल्सने १८८४ सालच्या ग्रंथात मानवसमाजाच्या प्रगतीच्या ज्या पायऱ्या सांगितल्या होत्या, त्या वेदवाङ्मयात आणि महाभारतात डांगे यांनी शोधल्या. यज्ञ म्हणजे आदिम साम्यसंघाची सामुदायिक उत्पादनपद्धती, असा त्यांचा सिद्धान्त होता. कल्पना मोठी आकर्षक. प्राचीन आर्यांचा अभिमानही राहतो आणि मार्क्सवादही साधतो!

कोसंबींनी भांडारकर संस्थेच्या संशोधनपत्रिकेत या पुस्तकाची चिरफाड केली. परीक्षण एवढे कडक आहे की वाचताना आपल्यालाच संकोच वाटावा. मुद्दा असा की, हे पुस्तक असेच सोडून दिले तर लोक याला मार्क्सवाद समजतील आणि मार्क्सवादाची अब्रू जाईल, म्हणून हे लिहिणे भाग पडले. पुरावा आधी आणि सिद्धान्त मागाहून हा क्रम डांगे यांनी उलटा केला. ग्रीस-रोममधील गुलामगिरीसारखी उत्पादनपद्धती हिंदुस्थानात प्रमुख होती असे दाखविणारा पुरावाच नाही. मार्क्सवाद हे विश्लेषणाचे हत्यार आहे, ते हाती आले म्हणून विचार करण्याचे श्रम वाचत नाहीत, असा त्यांचा एकूण रोख.

हे लिहिण्याची किंमत लक्षात घेतली पाहिजे. साम्यवादी पक्ष त्या वेळी सरकारी दडपशाहीला तोंड देत होता, आणि इकडे तेलंगणात तर गोळ्या चालत होत्या. अशा वेळी आपल्याच बाजूच्या पुढाऱ्याला चारचौघांत चूक ठरवणे म्हणजे शत्रूच्या हाती कोलीत देणे, असा आरोप कोणीही केला असता. उलट बाजूने पाहिले तर विद्यापीठांतील पंडितांना मार्क्सवादी मनुष्यच पसंत नव्हता. कोसंबी दोन्हीकडून परके झाले. पक्षाची री ओढणाऱ्यांना ते अधिकृत मार्क्सवादी म्हणून हिणवीत. त्यांची भाषा अधिक सौम्य असती तर बरे झाले असते, असे मला वाटते, कारण डांगे यांच्या पुस्तकामुळे कित्येक मराठी तरुण प्राचीन इतिहासाकडे प्रथमच वळले असतील. पण मजकुरात कोसंबींचीच बाजू खरी होती.

दुसऱ्याची चूक दाखवणे सोपे. स्वतः मार्क्सची चूक दाखवायची वेळ १९५६ साली आली. त्या वर्षी भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची प्रस्तावना या अर्थाच्या नावाचा त्यांचा मोठा इंग्रजी ग्रंथ निघाला. इतिहास म्हणजे उत्पादनाची साधने आणि उत्पादनातील माणसामाणसांचे संबंध यांत एकामागून एक होत गेलेल्या बदलांची कालक्रमाने केलेली मांडणी, ही व्याख्या त्यांनी आरंभीच दिली. येथपर्यंत ते मार्क्सचे पक्के अनुयायी. आणि हिंदुस्थानसाठी ही व्याख्या फार सोयीची होती, कारण आपल्याकडे राजांच्या तारखा सापडत नाहीत, पण नांगराचा फाळ, खापर आणि नाणे सापडते. मात्र मार्क्सची पद्धत घेतली म्हणून त्याचे सगळे निष्कर्ष डोळे मिटून घोकायचे कारण नाही, हेही त्यांनी तेथेच बजावले.

मार्क्सने १८५३ साली न्यूयॉर्कच्या एका दैनिकासाठी लंडनमध्ये बसून हिंदुस्थानवर लेख लिहिले. येथे तो कधीच आला नव्हता. पार्लमेंटचे अहवाल, बर्नियेसारख्या प्रवाशांची वर्णने, एवढ्यावर त्याची भिस्त. हिंदी खेडे स्वयंपूर्ण आहे, ते युगानुयुगे जसेच्या तसे राहते, वर राजे बदलले तरी खाली काही हलत नाही, म्हणून या समाजाला खरा इतिहासच नाही, असे त्याचे तेव्हाचे प्रतिपादन होते. १८६७ सालच्या भांडवल या ग्रंथातही सुतार, लोहार, न्हावी यांच्यासह चालणाऱ्या या गावगाड्याचे वर्णन आहे.

कोसंबींनी यावर जो प्रश्न विचारला तो मला अतिशय आवडतो, कारण तो एखाद्या दुकानदाराने विचारावा असा आहे. खेड्यात मीठ कोठून येते? आणि लोखंड? गावात लोहार असेल, पण लोखंडाची खाण प्रत्येक गावात थोडीच असते! मिठागरे समुद्रकाठी. या दोन वस्तूंवाचून नांगराची शेती आणि जेवणाचे ताट दोन्ही अडतात. म्हणजे प्रत्येक खेड्याला काहीतरी जास्तीचे पिकवून ते देऊन मीठ आणि धातू घ्यावे लागत होते. देवघेव आली, व्यापारी आला, विक्रीसाठी उत्पादन आले. मग स्वयंपूर्ण खेडे उरले कोठे? दख्खनमध्ये बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य वाहणारे लमाणांचे तांडे होते ते उगीच नव्हे. आपल्या निजामाबाद जिल्ह्यातील कोनसमुद्रमचे पोलाद घेण्यासाठी इराणचे व्यापारी येत असत, हेही यासंदर्भात ध्यानी घेण्यासारखे आहे.

शिवाय खेडे अनादि कालापासून तेथे होते हेही कोसंबींना मान्य नव्हते. जंगलात आणि टोळ्यांच्या प्रदेशात नांगर घेऊन शिरणे, तेथे वस्ती करणे, टोळीचे जातीत रूपांतर होणे, तिचा देव ब्राह्मणी देवाचा अवतार किंवा सोयरा ठरणे, ही हजारो वर्षे चाललेली प्रचंड घडामोड आहे. तीच तर हिंदुस्थानचा इतिहास! ज्या खेड्याला मार्क्सने इतिहासाचा अभाव मानले, त्या खेड्याच्या घडणीत कोसंबींना इतिहास सापडला, आणि तोही मार्क्सचीच उत्पादनाची मोजपट्टी लावून.

ही मार्क्सची विटंबना झाली की त्याचे खरे आकलन? याचे उत्तर मार्क्सनेच देऊन ठेवले आहे, असे म्हणता येईल. १८७७ साली एका रशियन नियतकालिकाच्या संपादकांसाठी त्याने पत्र लिहिले. पश्चिम युरोपात भांडवलशाही कशी जन्मली याचे आपण काढलेले रेखाचित्र कोणी प्रत्येक राष्ट्राच्या कपाळी लिहिलेला अटळ मार्ग म्हणून पुढे करील, तर त्यात आपला मान होतो तितकाच अपमानही होतो, असा त्याचा आशय आहे. जेना विद्यापीठातून तत्त्वज्ञानात पदवी घेतलेला हा माणूस आपल्या भक्तांना पुरता ओळखून होता.

१९६२ साली मिथ अँड रिअॅलिटी हा कोसंबींचा लेखसंग्रह आला. मराठीत तो पुराणकथा आणि वास्तवता या नावाने वाचायला मिळतो. अफूच्या गोळीवर समाधान मानणाऱ्याने हे पुस्तक अवश्य वाचावे. धर्माला थोतांड म्हणून कोसंबी मोकळे होत नाहीत. ते पायी हिंडतात. पुण्याजवळच्या टेकड्यांवर त्यांना अश्मयुगातील बारीक दगडी हत्यारे सापडतात, आणि ती सापडण्याच्या जागा व मावळातील आईंची ठाणी यांचा संबंध त्यांना दिसू लागतो. म्हसोबा, वेताळ, शेंदूर फासलेला तांदळा यांच्यापाशी ते थांबतात. पंढरीची वारी ज्या वाटांनी जाते त्या वाटा शेती सुरू होण्यापूर्वी गुरे घेऊन ऋतुमानाप्रमाणे हिंडणाऱ्या लोकांच्या असाव्यात, असा तर्क ते करतात. घराशेजारी पाल ठोकून राहिलेल्या पारध्यांचे निरीक्षणही त्यांच्या इतिहासात येते. माणूस देवाला का धरून राहतो याचे कारण त्याच्या जगण्यात शोधायचे, हाच तर १८४४ सालच्या त्या लेखाचा मूळ भाव.

याच संग्रहात गीतेवर एक लेख आहे. शंकराचार्य, रामानुज, ज्ञानेश्वर, टिळक, गांधी या सर्वांना एकाच गीतेत आपापला वेगळा अर्थ सापडला, हे कसे? कोसंबींचे उत्तर असे की, परस्परविरोधी मते एकत्र नांदवण्याची सोय त्या ग्रंथातच आहे, म्हणून प्रत्येक काळाला तो उपयोगी पडला. हे उत्तर सर्वांना पटणार नाही. मला स्वतःला ज्ञानेश्वरीचे सामर्थ्य एवढ्याने उलगडते असे वाटत नाही. पण लेख वाचताना मनात येते की, मार्क्सची गीता होऊ द्यायची नाही हा तर कोसंबींचा आग्रह नसेल? प्रत्येकाने हवा तो अर्थ काढावा आणि खाली मार्क्सचे नाव लिहावे, हे त्यांना सहन होत नव्हते. त्यांच्या लेखी मार्क्सची विधाने खरी किंवा खोटी ठरू शकणारी होती, आणि तसे मानण्यातच त्याचा मान होता.

कोसंबी स्वतः नेहमी बरोबर होते असे नाही. आर्यांनी सिंधू संस्कृतीचे बंधारे फोडले आणि इंद्राने नद्या मुक्त केल्याच्या कथेत त्याची आठवण आहे, हा त्यांचा तर्क पुढच्या अभ्यासकांनी स्वीकारला नाही. गणितातील एका अतिविख्यात न सुटलेल्या प्रश्नाची उकल केल्याचा दावा त्यांनी १९५९ साली कृषिसंख्याशास्त्राच्या पत्रिकेत केला, तो टिकला नाही. टाटा संस्थेशीही बिनसले होते. अणुशक्तीवर देशाने एवढा खर्च करू नये, आपल्याकडे ऊन फुकट आहे, त्यापासून वीज करावी, असे ते १९६० सालच्या पुण्यातील व्याख्यानात सांगत होते. आणि ते ज्या संस्थेत नोकरीला होते तिचे प्रमुख होते होमी भाभा! १९६२ साली त्यांचा करार पुढे चालू ठेवण्यात आला नाही. आज घरांच्या गच्च्यांवर सौरपट्ट्या दिसू लागल्या आहेत, तेव्हा त्या व्याख्यानाची आठवण होणे साहजिक आहे.

२९ जून १९६६ रोजी पुण्यात कोसंबी वारले. वय अवघे अठ्ठावन्न. प्राचीन भारताच्या संस्कृतीवरील त्यांचा शेवटचा ग्रंथ आदल्याच वर्षी निघाला होता. २००८ साली त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारतीय टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

त्यांच्या पश्चात त्यांच्याशी भांडणारेही निघाले, आणि तेही त्यांच्याच तोलाच्या गांभीर्याने. धुळ्याचे शरद पाटील यांनी केवळ वर्गाच्या मोजपट्टीने जातिव्यवस्था मोजता येत नाही असा आक्षेप घेतला, मार्क्सबरोबर फुले आणि आंबेडकर यांना उभे केले, आणि १९७८ साली सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला. पुण्यात राहून, जातींच्या उगमावर एवढे लिहून, कोसंबींच्या ग्रंथांत महात्मा फुले जवळजवळ भेटत नाहीत, ही उणीव मलाही जाणवते.

दुसरा वाद सरंजामशाहीचा. हिंदुस्थानात सरंजामशाही आधी वरून आली, म्हणजे राजाने मांडलिकांना आणि दानपात्रांना हक्क दिले. मग खालून आली, म्हणजे गावातच जमीनदारांचा थर तयार झाला, असे कोसंबींनी १९५६ साली मांडले. रामशरण शर्मा यांनी १९६५ साली तोच विषय विस्ताराने घेतला. आता गंमत अशी की, मार्क्सने १८७९ च्या सुमारास कोवालेव्स्की या रशियन विद्वानाच्या पुस्तकावर टिपणे काढली होती, आणि त्यांत हिंदुस्थानातील जमिनीच्या संबंधांना पश्चिम युरोपच्या अर्थाने सरंजामशाही म्हणणाऱ्या कोवालेव्स्कीवर त्याने आक्षेप घेतला होता. येथे भूदासत्व नव्हते, हे त्याच्या आक्षेपांतील एक कारण. १८५३ चा मार्क्स आणि हा मार्क्स यांच्यात सव्वीस वर्षांचा अभ्यास आहे. ही टिपणे कोसंबींच्या ग्रंथानंतर छापली गेली आणि इंग्रजीत तर १९७५ साली, म्हणजे ते गेल्यावर नऊ वर्षांनी आली. ती त्यांच्या हाती पडली असती तर त्यांनी सरंजामशाही हा शब्द मागे घेतला असता, की मार्क्सलाच पुन्हा एकदा ताम्रपट आणि नाणी दाखवून उत्तर दिले असते? त्यांची पुस्तके वाचल्यावर मला दुसरी शक्यता अधिक वाटते.